एकशिंगी बकरीची फिर्याद

मी आमच्या गावची पोलीस पाटील आहे. हे पद ऐकायला जेवढं दमदार वाटतं, तेवढं ते असतं तर बरं झालं असतं. प्रत्यक्षात कामं दोनच. गावात काही घडलं की ठाण्याला फोन करायचा, आणि ठाण्यातून कोणी आलं की त्यांना खुर्ची द्यायची. लाठी नाही, शिट्टी नाही, टोपी तर नाहीच. नेमणुकीचा कागद घरी आला तेव्हा माझ्या सासूबाईंनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "याच्यात बंदूक कुठी लिवली हाये?"

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. सत्तरी ओलांडलेली, बारीक अंगाची, आणि बोलायला लागली की समोरच्याला बसायला जागा शोधावी लागेल अशी बाई.

आमचं गाव वडनेर भोलजीच्या अंगाला, हायवेपासून तीन किलोमीटर आत. मका, कपाशी, थोडा भाजीपाला. भांडणं म्हणाल तर बांधाची, नळाची आणि निवडणुकीनंतरची. तरी पोलीस म्हटलं की सगळं गाव दचकायचं. माझ्या माहेरी, देऊळघाटला, लहानपणी रस्त्यावर खाकी कपडा दिसला की आम्ही पोरी कणगीमागे लपायचो. एकदा तासभर लपलो आणि मग कळलं, तो पोस्टमन होता. सासरी काही वेगळं नव्हतं. पोरगं जेवत नाही? पोलीस येईल. झोपत नाही? पोलीस येईल. पोलीस बिचारा तिकडे तालुक्याला आपला डबा खात बसलेला असायचा, आणि इकडे त्याच्या धाकाने वीस पोरं मुकाट भाकर गिळायची.

माझ्या नेमणुकीनंतर दुसऱ्याच महिन्यात आमच्या भागाला नवे जमादार आले. जमादार म्हणजे हवालदार. आमच्याकडे तोच शब्द चालतो. आसपासची दहा-बारा गावं त्यांच्याकडे. माणूस पन्नाशीचा, सडपातळ. पोट नाही, मिशी नाही, आवाज तर असा की आरती चालू असताना शेजारच्यालाही ऐकू जाऊ नये. आत्याबाईंना ते पोलीस आहेत हेच पटेना. आमच्या ओसरीवर खुर्चीत बसलेल्या त्या माणसाला त्यांनी खालून वर पाहिलं.

"बाबू, तू खराच पोलीस हायेस का?"

"हाव, आजी."

"मंग एखांदी शिवी देऊन दाखव."

जमादार खाली पाहून हसले. "ड्युटीवर देता येत नाही, आजी."

"अन् घरी?"

"घरी बायको हाये."

आत्याबाईंनी त्याच दिवशी जाहीर केलं की सरकारने यावेळी काहीतरी चुकीचा माल पाठवला आहे.

तो माल कसा आहे हे आम्हाला फाट्यावर कळलं. आमच्या गावच्या पोरी शाळेला वडनेरला जातात. गावात एसटी येत नाही. पोरींना तीन किलोमीटर चालत हायवेच्या फाट्यावर यावं लागतं. तिथे दोन अडचणी. एक, बस थांबतच नसे. ड्रायव्हर पोरींकडे पाहून हात हलवायचा आणि निघून जायचा, जसा काही तो लग्नाच्या वरातीत बसलाय. दुसरी, चहाच्या टपरीसमोर मोटरसायकली उभ्या करून बसणारी आमच्या आणि आजूबाजूच्या गावांतली सहा-सात टवाळ पोरं. मी ठाण्यात कळवलं. मनात म्हटलं, आता लाठी निघणार.

लाठी काही निघाली नाही. जमादार फक्त त्या मोटरसायकलींचे नंबर लिहून घेऊन गेले. मग ते एकेका पोराच्या घरी गेले, पोरगं घरात नसताना, आणि त्याच्या आईला नमस्कार करून म्हणाले, "ताई, फाट्यावर बसची लय अडचण हाये. उद्या सकाळी दहाले जरा येता का? तुमच्यासारख्या जाणत्या बाया उभ्या राह्यल्या तर एसटीवाला ऐकीन."

दुसऱ्या दिवशी सात आया फाट्यावर हजर. काहींनी ठेवणीतली लुगडी नेसली होती. दहा वाजून पाच मिनिटांनी पोरं आली, नेहमीप्रमाणे हॉर्न वाजवत, एक जण तर हात सोडून. पहिल्या मोटरसायकलवाल्याने आईला पाहिलं आणि असा ब्रेक मारला की मागचे दोघे त्याच्यावर येऊन आदळले. पुढचं मी सांगत नाही. आयांच्या तोंडचे शब्द लिहायचे तर कागद धुऊन काढावा लागेल. जमादार टपरीजवळ उभे होते, चेहऱ्यावर काहीच नाही. पोरं पुन्हा फाट्यावर दिसली नाहीत.

बससाठी मात्र त्यांनी स्वतःच पाय रोवले. महिनाभर रोज सकाळी हायवेच्या कडेला उभं राहून हात वर करायचे. खाकी दिसली की ड्रायव्हरचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. एकदा जमादारांना तीन दिवस कोर्टात जावं लागलं, तर पोरींनी डोकं चालवलं. एकीच्या घरी होमगार्डमधल्या काकाचा जुना खाकी शर्ट होता. तो त्यांनी काठीला टांगून कडेच्या बाभळीला बांधला. बस थांबली! पोरी चढल्या आणि खिडकीतून शर्टाला टाटा करत गेल्या. तीन दिवस शर्टाने ड्युटी केली. चौथ्या दिवशी जमादार आले, शर्टापुढे कमरेवर हात ठेवून उभे राहिले. ते म्हणाले, "वरचं बटन तरी लावा बाई. गणवेशाचा मान ठेवा." आणि स्वतःच बटण लावून काठी सोडवून घेऊन गेले.

पुढे ड्रायव्हरांना थांबायची सवयच लागली.

त्यांचं असं सगळं बिनबोभाट असायचं. गणपती विसर्जनाला गावभर गुलाल, डफडी, पोरं नाचून दमलेली, आणि हा माणूस दुपारपासून नदीकाठी उभा. पहिल्या वर्षी त्यांना कोणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. मीही नाही, मी मिरवणुकीत होते. पाणी नेलं ते आत्याबाईंनी, तेही भांडायला निमित्त म्हणून.

"तुह्या घरी गणपती कोण शिरवते रे बाबू?" त्यांनी विचारलं. शिरवणं म्हणजे आमच्याकडे विसर्जन.

"पोरगी शिरवते. मले मोबाईलवर दाखवते."

"किती वर्षं झाली?"

"चोवीस गणपती झाले, आजी. एकही हाताने शिरवला नाही."

आत्याबाई त्या वेळी काही बोलल्या नाहीत. आणि आत्याबाई काही बोलल्या नाहीत, ही आमच्या घरात सांगण्यासारखी गोष्ट असते. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी घरातल्या पोरांना 'पोलीस येईल' म्हणून भीती घालणं बंद केलं. त्याऐवजी त्या 'एसटीचा कंडक्टर येईल' म्हणू लागल्या.

चार-पाच वर्षं अशी गेली आणि एका उन्हाळ्यात जमादारांच्या बदलीची बातमी आली. गाव हळहळलं. सत्कार करायचं ठरलं. मारुतीच्या पारावर करायचा की विहारासमोर, यात दोन बैठका गेल्या. शेवटी शाळेला सुट्टी होती म्हणून शाळेचा व्हरांडा ठरला आणि दोन्ही बाजूंनी सुटकेचा श्वास सोडला. मी जमादारांना फोन केला. ते एकदम म्हणाले, "नाही ताई. सत्कार-बित्कार नको. मले लाज वाटते. अन् भेटवस्तू घेणं आमच्या नियमात बसत नाही."

"वस्तू नाही हो, नुसती शाल अन् नारळ."

"मंग नारळ देवाले वाहा." फोन बंद.

आमच्या अंगणात तातडीची सभा भरली. मी, आत्याबाई, बचत गटाच्या बाया आणि गुरुजी. गुरुजी म्हणजे आमच्याच शाळेतून निवृत्त झालेले मुख्याध्यापक. त्यांनी सत्काराचं भाषण आधीच लिहून ठेवलं होतं, अकरा पानं; त्यामुळे सत्कार रद्द होणं त्यांना कोणत्याही परिस्थितीत परवडणार नव्हतं.

"त्यांना कामासाठी बोलवायचं," गुरुजी म्हणाले. "काम म्हटलं की तो माणूस येतोच. एखादी तक्रार द्या. आले की हार घालायचा."

"गुरुजी, खोटी खबर देणं गुन्हा आहे," मी म्हटलं. "आणि मी पोलीस पाटील. त्यांची बदली होईल आणि माझी बडतर्फी."

"खोटी काऊन?" आत्याबाई पानाला चुना लावत म्हणाल्या. "खरी देऊ. माही बकरी चोरून न्या."

सगळे त्यांच्याकडे पाहायला लागले.

"असे काय पाह्यता? बकरी गेली की गेली. मंग सूनबाईने फोन करून सांगावं, बकरी दिसत नाही. याच्यात खोटं काय हाये?"

मी कायदा आठवून पाहिला. कायद्यात याचं उत्तर असणारच, पण त्या अंगणात ते मला सापडेना. खरं सांगायचं तर मी फार शोधलंही नाही. पस्तीस वर्षं पोरांना 'नेहमी खरे बोलावे' फळ्यावर लिहून देणाऱ्या गुरुजींनी चोरी करायची जबाबदारी स्वतःहून घेतली.

बकरी काळी, एकशिंगी. दुसरं शिंग सरपंचाच्या मोटरसायकलला टक्कर देऊन मोडलेलं. फार मानी जनावर. जमादारांची आणि तिची ओळख जुनी होती. एकदा तिने त्यांच्या हातातल्या बंदोबस्ताच्या आदेशाचा कोपरा खाल्ला होता.

गुरुवारी सकाळी चोरी झाली. गुरुजी लसूणघासाची पेंडी घेऊन आले, बकरी आनंदाने त्यांच्यामागे निघाली. आत्याबाई दारात उभ्या राहून चोरीवर देखरेख करत होत्या. "दावं नीट धरजा गुरुजी, ती उजवीकडे ओढते! अन् तठी पाणी ठेवजा!" गुरुजींचं शेत फाट्याच्या रस्त्याला आहे. तिथल्या टिनाच्या शेडमध्ये बकरी बांधली गेली.

मग मी फोन केला. "जमादार साहेब, आत्याबाईंची बकरी दिसत नाही." यातला शब्द न् शब्द खरा होता. आमच्या अंगणातून बकरी खरोखरच दिसत नव्हती. मध्ये दीड किलोमीटर अंतर आणि टिनाची भिंत होती.

"येतो," ते म्हणाले.

"उन्हाचे नका येऊ. चार वाजता शाळेपाशी या."

चारची वेळ आम्ही विचार करून ठरवली होती. माझे मिस्टर हार आणि शाल आणायला तालुक्याला गेले होते. बचत गटाच्या बाया शाळेच्या खोलीत रांगोळी काढत होत्या. जमादारांचा फोटो छापलेलं भलंमोठं फ्लेक्स आदल्या दिवशीच आलं होतं, ते लावायचं बाकी होतं. आणि दोन वाजता, रणरणत्या उन्हात, जमादारांची मोटरसायकल शाळेसमोर येऊन उभी राहिली.

"साहेब, चार म्हटलं होतं!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"आजीची बकरी हाये, ताई. चारपर्यंत कशी थांबीन?" ते व्हरांड्यातल्या बाकावर बसले, कागदाचं पॅड काढलं, पेनचं टोपण उघडलं. "जबाब घेऊ. पह्यले आजी."

आता त्यांना दोन तास थांबवून ठेवणं हे एकच काम होतं, आणि जबाब देण्यासारखं वेळखाऊ दुसरं काय असणार? आम्ही मनापासून जबाब दिले.

"रंग?" जमादारांनी विचारलं.

"काळी. अमावस्येसारखी," आत्याबाई म्हणाल्या.

"शिंगं?"

"एकच. पण दोघाइचं काम करते."

"कोणावर संशय?"

आत्याबाईंनी इकडे तिकडे पाहिलं. सरपंच नेमके समोर उभे होते, पाठीमागे पुष्पगुच्छ लपवून. त्यांनी आत्याबाईंच्या घरासमोरची नाली दोन वर्षं दुरुस्त केली नव्हती. आत्याबाईंनी बोट उचललं. "याच्यावर."

"ओ काकू!" सरपंच ओरडले. पण हात पुढे करता येईना, पुष्पगुच्छ दिसला असता. जमादारांनी शांतपणे लिहून घेतलं.

मग गुरुजी.

"सकाळी कुठी होते गुरुजी?"

"शेतात."

"शेतात काय करून राह्यले होते?"

गुरुजी घामाने डबडबले. "विचार," ते म्हणाले.

जमादारांनी तेही लिहिलं. इतक्यात आतल्या खोलीत फ्लेक्स उलगडल्याचा मोठा कडकड आवाज झाला. जमादारांनी मान वर केली. "आत काय चालू हाये, ताई?"

"उन्हाळी शिबिर," मी म्हटलं आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

तेवढ्यात आतल्या पोरींना वाटलं, पाहुणे आले. त्यांनी स्वागतगीत सुरू केलं, तेही जमादारांचं नाव घालून बसवलेलं. मी दारावर थाप मारली. गाणं नावाच्या आधी एक अक्षर थांबलं. जमादारांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. त्यांनी माझा जबाब घेतला, बचत गटाच्या अध्यक्षीणबाईंचा घेतला, सरपंचांचा घेतला. साडेतीनला पॅड मिटलं आणि उठले. "चला. तपासाले निघतो."

"अहो थांबा, चहा ठेवलाय!"

"तपास पह्यले, ताई." मोटरसायकल सुरू झाली आणि गेलीसुद्धा. सरपंच पुष्पगुच्छ घेऊन चार पावलं मागे धावले, मग थांबले. पावणेचारला माझे मिस्टर दोन मोठे हार गळ्यात अडकवून आले आणि म्हणाले, "काय झालं? सगळे असे काऊन बसले?"

सत्कारमूर्ती गेली ती गेली. निदान बकरी तरी आणावी म्हणून गुरुजी शेतात गेले. अर्ध्या तासाने परत आले ते नुसतं दावं हातात घेऊन. शेड रिकामं होतं. दार लावलेलं, पाण्याचं घमेलं तसंच, बकरी नाही.

आत्याबाई ओट्यावर बसल्या. आधी त्यांना वाटलं गुरुजी थट्टा करताहेत. मग त्यांनी त्या दाव्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या बकरीला त्यांनी बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. ही सगळी गंमत माझ्या होकारावर चालली होती. पण आत्याबाई रडणाऱ्यांतल्या नाहीत. त्या गुरुजींना म्हणाल्या, "गुरुजी, इतकं शिकले तुम्ही. अन् तुम्हाले एक साधी चोरी नीट जमली नाही?"

मी पुन्हा फोन लावला. "जमादार साहेब, बकरी खरंच हरवली हो."

"म्हंजे दुपारी खोटी हरवली होती का, ताई?"

"नाही... दुपारीही हरवली होती. आता जास्त हरवली."

"बरं. लिहून घेतो," ते म्हणाले. "जास्त हरवली."

त्या संध्याकाळी आमच्या घरी कोणी नीट जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्यांचाच फोन आला. "एक बेवारस बकरी ठाण्यात जमा हाये. ओळख पटवायले आजीले घेऊन या. अन् काल ज्याने ज्याने जबाब दिले, त्या सगळ्याइले सोबत आणा."

जबाब पाच-सहा जणांनी दिले होते. पण बातमी फुटली आणि निघालं सगळं गाव. दोन ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि एक ॲपे ऑटो. शिळे झालेले हार पाणी मारून ताजे केले, फ्लेक्स गुंडाळून घेतलं, शाल-नारळ घेतला, स्वागतगीताच्या पोरी घेतल्या. गुरुजींची अकरा पानं खिशात होती. यातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी उभ्या आयुष्यात ठाण्याची पायरी चढली नव्हती. बायांनी तर नाहीच. ठाण्यात जाणं म्हणजे घराण्याला डाग, असंच त्यांना सांगण्यात आलेलं. ट्रॉलीत गाणी म्हणत होत्या, पण ठाण्याची पाटी दिसताच सगळ्या गप्प झाल्या.

ट्रॉल्या फाटकाशी थांबल्या तसे ठाणेदार साहेब बाहेर आले. तरुण होते, नव्यानेच रुजू झालेले. सत्तर माणसं, मोठं गुंडाळलेलं फ्लेक्स, पुढे एक म्हातारी. त्यांनी शिपायाला हळूच सांगितलं, "फाटक अर्धं लाव." मग पुढे येऊन विचारलं, "मोर्चा कशाचा आहे?"

"बकरीचा," आत्याबाई म्हणाल्या.

त्या पुढे झाल्या आणि पायरीपाशी चपला काढल्या. मागच्या बाईने पाहिलं, तिनेही काढल्या. मग सगळ्यांनीच. पाहता पाहता ठाण्याच्या पायरीशी सत्तर जोड चपलांचा ढीग झाला.

"अहो, चपला काय काढता? हे ठाणं आहे!" ठाणेदार गोंधळून म्हणाले.

"मंग? कोणाच्या घरी चपला घालून शिरावं का साहेब?" असं विचारून आत्याबाई आत शिरल्या.

बकरी मागच्या आवारात चिंचेखाली होती, ठणठणीत. सूचनाफलकावरचा एक कागद तिने खाल्ला होता. कशाचा होता ते आता कोणालाच सांगता येत नव्हतं. आत्याबाईंनी तिला आधी एक धपाटा घातला आणि मग गळ्यात हात टाकला. जमादार दिसेनात. शोधाशोध झाली. शेवटी पोरींनी त्यांना जप्त मालाच्या खोलीत, जुन्या सायकलींच्या मागे हेरलं. आत्याबाईंनी हाताला धरून बाहेर आणलं.

"बाबू, बकरी तूच नेली ना?"

"मी नाही नेली, आजी. बेवारस सापडली, जमा केली."

"पण तुम्हाला कळलं कसं?" मी विचारलं.

"ताई, फ्लेक्सवाल्याचं दुकान ठाण्याच्या समोरच हाये. बुधवारी चहा प्यायले गेलो तं माह्याच फोटोले तो कात्री लावून राह्यला होता. अन् गुरुवारी येताना गुरुजींच्या शेडातून ओळखीचा आवाज आला. सोबतच्या शिपायाजवळ तिले दिली अन् ऑटोत बसवून धाडली. मले वाटलं होतं चार-पाच लोक येतीन, हात जोडतीन, जातीन." त्यांनी आवारातल्या गर्दीकडे पाहिलं. "हे काही मी धरलं नव्हतं."

ठाणेदार साहेबांना सगळी हकिकत सांगितली तेव्हा ते आधी कपाळाला हात लावून बसले आणि मग इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. सत्काराला त्यांनीच परवानगी दिली. फ्लेक्स चिंचेला बांधलं. पोरींनी गाणं म्हटलं, यावेळी नावासकट. शाल घातली, हार घातले. फाट्यावरच्या त्या सात आयांपैकी एक आमच्या गावची होती, तिने स्वतः पुढे येऊन नारळ दिला आणि म्हणाली, "माहं पोरगं आता कामाले लागलं, साहेब." गुरुजींनी अकरा पानं वाचली. सातव्या पानावर ठाणेदारांचा फोन वाजला, गुरुजी थांबले नाहीत. शेवटी टाळ्यांचा कडकडाट झाला. कोठडीतल्या दोघांनीही टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं असावं, चांगल्या वागणुकीची नोंद होते.

जमादारांना बोलायला लावलं. ते हार काढून हातात घेऊन उभे राहिले. मग त्यांच्या त्या बारीक आवाजात म्हणाले, "अठी लोक रडत येतात, नाही तर भांडत येतात. एकोणतीस वर्षांत हसत आलेले पह्यल्यांदाच पाह्यले." नारळ त्यांनी तिथेच फोडला आणि तुकडे वाटले, कोठडीतल्या दोघांनाही.

निघताना मी त्यांना बाजूला गाठलं. माझ्या मनात धाकधूक होती. "साहेब, ते कालचे जबाब?"

त्यांनी खिशातून घडी केलेले कागद काढून माझ्या हातात दिले. "हे रजिस्टरात चढले नाहीत. तुम्हीच ठेवा."

घरी येऊन मी ते वाचले. आत्याबाईंच्या नावापुढे लिहिलं होतं: 'आजी खोटं बोलताना जास्त खरी वाटते.' सरपंचांच्या नावापुढे: 'पाठीमागे फुलं. नालीचं पाहणे.' गुरुजींच्या नावापुढे फक्त एक शब्द होता: 'विचार.' आणि माझ्या नावापुढे: 'पोलीस पाटील ताई खोटं बोलताना पदर सारखा करतात. हे आरोपीच्या वकिलाला कळू नये.' तेव्हापासून मी ठाण्यात जाताना पदराला पिन लावते.

नाली महिनाभरात दुरुस्त झाली. आता आमच्या गावच्या बाया काही अडचण आली तर माझ्याकडे न येता सरळ ठाण्यात जातात, आणि मला मागाहून कळतं. याचा मला थोडा राग येतो, पण तो मी कोणाला सांगत नाही.

जमादार गेले ते शेगावच्या बाजूला. पुढच्या वर्षी मी आणि आत्याबाई दर्शनाला गेलो होतो. भर दुपार, रस्ता माणसांनी भरलेला, आणि चौकाच्या मधोमध ते उभे, शिट्टी तोंडात, गाड्या एका बाजूला, माणसं दुसऱ्या बाजूला करत. मी लांबून हात हलवला; त्यांनी पाहिलं नाही. आत्याबाई मात्र माझा हात सोडून गर्दीत घुसल्या. मी पाहते तो त्या चौकाच्या मधोमध पोहोचलेल्या, आणि आपली छत्री उघडून जमादारांच्या डोक्यावर धरलेली. त्यांची उंची पुरेना, म्हणून चवड्यांवर उभ्या.

"आजी, सरका! ड्युटी चालू हाये!" जमादार शिट्टी काढून ओरडले.

"तुही ड्युटी तू कर. मी माही करून राह्यली."

एक ऑटोवाला, एक ट्रकवाला आणि दहा-बारा भाविक थांबून पाहत होते. जमादारांनी एकदा माझ्याकडे, एकदा आकाशाकडे पाहिलं, शिट्टी पुन्हा तोंडात घातली आणि हात दाखवून ट्रक सोडला. पाऊण तास आत्याबाई तिथून हलल्या नाहीत. मधूनमधून त्यांनीही हात दाखवायला सुरुवात केली होती, आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, गाड्या थांबत होत्या.